कोरारीच्या नळीची चूळ

१

ज्या वर्षी ऊना डॅरॉकचा धाकटा भाऊ बायकोपोरांना घेऊन कायमचा ऑस्ट्रेलियाला गेला, आणि बोट दिसेनाशी झाली तरी त्यांची आई धक्क्यावरच्या बाकावरून उठायला तयार होईना, त्याच वर्षीच्या मे महिन्यात म्हातारा डंकन ब्युई मेला.

आधी सगळ्यांना वाटलं, वय झालं होतं, सुटला. आयला नावाच्या बेटावरच्या कोरारीच्या व्हिस्कीभट्टीत त्याने उभा जन्म तांब्याच्या हंड्यांखालचा जाळ सांभाळला होता. पुढे पाय गेले आणि तो खिडकीजवळच्या पलंगावर पडून राहिला. तिथून त्याला भट्टीचं धुराडं दिसायचं. धूर काळा आला की तो पडल्या पडल्या शिव्या द्यायचा, "कोण गाढव बसलंय रे जाळावर!" मुलगी मोराग आणि त्याच भट्टीच्या गोदामात काम करणारा जावई रनाल्ड त्याचं सगळं करायचे.

शनिवारी संध्याकाळी मोराग हॉटेलातलं काम आटोपून घरी आली, तेव्हा रोज येणारी नर्स म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बेटावरच्या डॉक्टरला मात्र प्रेताचा चेहरा पसंत पडला नाही. त्याने दाखल्यावर सही करायला नकार दिला आणि प्रेत शवचिकित्सेसाठी मुख्य भूमीवर धाडलं.

गुरुवारी उत्तर आलं. म्हाताऱ्याच्या पोटात व्हिस्की होती आणि व्हिस्कीत बचनाग होता.

दुपारच्या विमानाने इन्स्पेक्टर लॉरिमर उतरला. त्याने रनाल्डच्या घराची झडती घेतली. दाराआडच्या खुंटीवर रनाल्डचा कामाचा कोट होता आणि कोटाच्या आतल्या खिशात घट्ट झाकणाची चपटी पत्र्याची डबी. डबीच्या तळाशी थेंबभर व्हिस्की उरली होती. डॉक्टरने ती बोटाच्या टोकाने जिभेला लावली, लगेच थुंकली आणि तोंड धुऊन आला.

"जीभ बधिर झाली," तो म्हणाला. "हेच ते."

रनाल्ड मॅकअ‍ॅफर चुलीजवळ उभा होता. लॉरिमरने विचारलं, "ही डबी तुझी?"

"माझी."

"यातून सासऱ्याला काय पाजलंस?"

रनाल्डने एकदा मोरागकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुढे तोंडातून अक्षर काढलं नाही.

"उद्या दुपारच्या बोटीने याला घेऊन जातो," लॉरिमर बेटाच्या सार्जंटला, म्हणजे ऊनाला म्हणाला. "खुनाचा आरोप. तुमचं काही म्हणणं आहे?"

२

ऊनाचं म्हणणं होतं, पण त्याला आधार नव्हता. रनाल्डला ती शाळेपासून ओळखत होती. असा माणूस विष घालणार नाही, हे तिला ठाऊक होतं; पण असं सांगून कुणी सुटत नाही. त्यातून गावातला खानावळवाला लॉरिमरला भेटून आला होता.

"जमिनीवरून दोघांचं वाजलं होतं," तो आता ऊनालाही सांगत होता. "म्हाताऱ्याच्या नावावर ती मेंढ्यांची टेकडी आहे ना? रनाल्डला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. म्हातारा म्हणाला, माझ्या मेंढ्या काय तुझ्या पाहुण्यांच्या बिछान्यात झोपवू? तेव्हा रनाल्ड इथेच, या टेबलावर हात आपटून म्हणाला, हा म्हातारा मेल्याशिवाय काही व्हायचं नाही."

"तू तुझ्या सासूबद्दल दर आठवड्याला हेच म्हणतोस."

"हो, पण माझी सासू ठणठणीत आहे की!"

ऊना तिथून नर्सकडे गेली. नर्स ग्लासगोची, पोरसवदा मुलगी, बेटावर येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मी गेले तेव्हा ते घामाने भिजले होते," ती म्हणाली. "उलट्या चालू होत्या. तोंडाकडे बोट दाखवत होते. सारखं म्हणत होते, ओठांना मुंग्या आल्यात, मुंग्या आल्यात."

"आणखी काही बोलले?"

"तुमच्या बोलीतलं काहीतरी. मला चारच शब्द येतात, पण हा येतो, कारण रोज लागतो. चूळ. सारखं चूळ, चूळ. मग मी पाणी दिलं. तर त्यांनी पेला ढकलून दिला आणि परत तेच. चूळ, रनाल्ड, चूळ." नर्सने नाक पुसलं. "मी किती वेळा पाणी दिलं हो त्यांना. आणि ते माझ्यावर चिडत होते."

ऊना उठता उठता परत खाली बसली.

ती पिंपं बांधणाऱ्याची मुलगी होती. या बेटावर चूळ या शब्दाला दोन अर्थ होते आणि त्यातला दुसरा गोदामाच्या भिंतीबाहेर कुणी उच्चारत नसे.

"पोरी," ती म्हणाली, "ते पाणी मागत नव्हते. काय प्यायलं ते सांगत होते."

३

चौकीच्या मागे एकच कोठडी होती. रनाल्ड बाकावर बसला होता, पुढ्यातला चहा तसाच थंड झाला होता. ऊनाने दार लोटून घेतलं.

"शनिवारी नळीला चूळ कुणी दिली, रनाल्ड?"

त्याने चमकून वर पाहिलं.

"हे बघ, आता गप्प बसू नकोस. व्हिस्की काढायला पिंपात नळी घालण्याआधी ती एकदा त्याच व्हिस्कीने खंगाळायची आणि ती पहिली नळीभर व्हिस्की जमिनीवर ओतायची. भट्टीवाल्यांना हेच सांगितलेलं असतं. आणि या बेटावर आजवर एकाही गोदामात ती जमिनीवर पडलेली नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही."

रनाल्डने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून तो बोलायला लागला.

"त्यांच्यासाठी न्यायचो गं. दुसरं काय होतं त्यांना? पाय नाहीत, दात नाहीत. ते जुनं पिंप त्यांनीच भरलं होतं, तरुण असताना. शनिवारी मालकांच्या, कार्गिलसाहेबांच्या पाहुण्यांसाठी तेच फोडायचं होतं. म्हटलं, एकेका घोटासाठी लोक जगाच्या टोकावरून येतात, आणि ज्याने गाळली त्याला चूळसुद्धा नाही? सकाळी गोदामात कुणी नव्हतं. नळीला चूळ दिली, ती डबीत घेतली. चाखणी आटोपल्यावर घरी गेलो आणि त्यांना पाजली."

"हे इन्स्पेक्टरला का नाही सांगितलंस?"

"सांगू? म्हणजे चोरी कबूल. नोकरी गेली. माझी एकट्याची नाही, गोदामातल्या सगळ्यांची." तो बाकावरून उठला. "ते एक वेळ चालेल. पण मोरागला काय सांगू? तुझ्या बापाच्या तोंडाला मीच पेला लावला म्हणून? मी विष घातलं नाही, ऊना. पण पाजलं मीच. ती उद्या मला जन्मठेप झाली तर रडेल. हे कळलं तर रडणारसुद्धा नाही."

"तुरुंगात गेलास तरी तिला तेच वाटेल, उलट वाईटच. मुद्दाम पाजलंस असं."

रनाल्डने थंड चहाचा कप बाजूला सारला.

"डबी धुतलेली होती?"

"भरण्याआधी दरवेळी धुतो. आणि दिवसभर अंगावरच्या कोटात होती."

"मग विष पिंपात असेल."

"पिंपात असतं तर सगळे पाहुणे आडवे झाले असते! चूळ झाल्यावर त्याच पिंपातून, त्याच नळीने सगळ्यांना दिली."

ऊनाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. पिंप चांगलं, डबी चांगली. मधे उरली फक्त नळी.

"ती चांदीची नळी आता कुठे आहे?"

"गोदामात, तिच्या पेटीत. पाहुणे गेले, मी कुलूप लावलं. रात्री ही बातमी. साहेबांनी म्हातारा मातीत जाईपर्यंत भट्टी बंद ठेवायला सांगितली. तेव्हापासून किल्ली माझ्या खिशात होती, आता तुमच्या टेबलावर आहे."

४

शुक्रवारी सकाळी पहिल्या विमानाने चांदीची नळी तपासणीसाठी गेली. लॉरिमर विमानतळावर ऊनाच्या शेजारी उभा राहून कॉफी पीत होता. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"समजा नळीला विष निघालं," तो म्हणाला. "नळी हाताळतो कोण? रनाल्डच."

"त्याला सासऱ्याला मारायचं असतं तर हातात डबी होती. डबीत थेंब टाकले की झालं. नळीला कशाला लावेल? नळीतून पुढे ती मालकाच्या पेल्यात जाणार."

"मालकाला काही झालं नाही."

"झालंय की नाही, तेच विचारायला चाललेय."

हेक्टर कार्गिल भट्टीचा मालक. दणकट, लालबुंद, मोठ्याने बोलणारा. त्याच्या चाखण्या आता साऱ्या जगात गाजत होत्या. श्रीमंत प्रवासी स्वतःच्या विमानाने यायचे, गोदामाच्या गारठ्यात मखमली खुर्च्यांवर बसायचे, आणि हेक्टर त्यांच्यादेखत पहिला पेला स्वतः प्यायचा. मग पाहुण्यांना मिळायची. हे सगळ्यांना पाठ होतं.

"शनिवारची व्हिस्की कशी होती, साहेब?"

"अहो, विचारू नका! नुसती आग. ओठांना झिणझिण्या आल्या. असा दणका मी आयुष्यात कधी खाल्ला नव्हता. पाहुण्यांना म्हटलंसुद्धा, ही म्हातारी चावते!"

"पाहुण्यांच्याही ओठांना झिणझिण्या आल्या?"

हेक्टर विचारात पडला. "नाही. एक न्यूझीलंडचा डॉक्टर होता, तो उलट म्हणाला, लोण्यासारखी आहे. मी मनात म्हटलं, याला काय कळतंय."

"त्यालाच कळलं होतं," ऊना म्हणाली. "साहेब, तुमच्या पेल्यात विषाचं धुवण आलं होतं. खरं विष त्याच्या आधीच्या नळीत गेलं. तो पेला तुमच्यासाठी होता."

हेक्टरचा लाल चेहरा पांढराफटक पडला. खिडकीशी त्याची बायको कट्रिओना उभी होती. ती वळलीसुद्धा नाही.

"आधीची नळी कसली?" हेक्टरने विचारलं. "पहिली तर मीच पितो."

कट्रिओना हसली. त्या हसण्यात ओलावा नव्हता. "वीस वर्षं मालक आहेस आणि चूळ माहीत नाही तुला? माझे वडील इथे मॅनेजर होते, सार्जंटबाई. चुळीच्या वेळी ते गोदामाच्या दाराकडे पाठ करून उभे राहायचे आणि समुद्राकडे बघत पाइप ओढायचे. म्हणायचे, जमिनीला तहान लागते, मला काय दिसतंय?"

"नळीची पेटी ज्या कपाटात असते त्याची किल्ली तुमच्याकडे असते?"

"माझ्या स्वयंपाकघरात, खिळ्याला. माझ्यावर संशय असेल तर सांगून टाकते. हा माझ्या वडिलांची भट्टी विकायला निघालाय. मला ठार मारावंसं वाटतं त्याला, रोज सकाळी, नाश्त्याच्या वेळी."

"कट्रिओना!" हेक्टर ओरडला.

"काय कट्रिओना? खोटं बोलतेय का? त्या दिवशी पेटी मीच काढून दिली. सायमनच्या हातात."

५

सायमन पेल्हॅम चाखणीचा सूत्रधार होता. राहणारा एडिंबराचा, गेले तीन उन्हाळे तो कोरारीला पाहुण्यांपुढे व्हिस्कीची वर्णनं करीत होता. त्याला बोलताना ऐकलं की न पिणाऱ्यालाही तहान लागायची. समुद्राचं शेवाळ, ओली राख, आजीच्या कपाटातली सफरचंदं, सगळं तो पेल्यात दाखवायचा. आणि नाक असं की उद्योगात त्याला नुसतं 'नाक' म्हणत.

भट्टीच्या आवारातल्या छोट्या घरात तो राहत असे. त्याने ऊनाला बसवलं, चहा केला, दोघांच्या कपांत दूध ओतलं.

"बिचारा म्हातारा," तो म्हणाला. "मी कधी भेटलो नाही त्यांना. पण याचा चाखणीशी काय संबंध?"

"शनिवारी काय काय झालं ते सांगा. अगदी क्रमाने."

"नेहमीसारखंच. सकाळी मी पेटी गोदामात नेऊन पिंपावर ठेवली. दुपारी पाहुण्यांना घेऊन आत गेलो. रनाल्डने पेटी उघडली, नळी घातली, हेक्टरचा पेला भरला. हेक्टर प्यायला. मग बाकीचे."

"नळी सरळ पेल्यात?"

"सरळ पेल्यात. तोच तर सोहळा असतो! बूच निघालं की पहिला थेंब मालकाच्या ओठी."

"आणि चूळ?"

"चूळ?" त्याने भुवया उंचावल्या. "भरायची ना. कोपऱ्यात पितळी भांडं ठेवलेलं असतं. सगळंच गिळलं तर पाहुणे संध्याकाळी चालत कसे जातील?" तो स्वतःच्या विनोदावर थोडा हसला.

ऊनानेही हसल्यासारखं केलं आणि कप तोंडाशी नेला. नेला तसाच खाली ठेवला. दूध नासलेलं होतं; कपातून सणकून आंबूस भपकारा येत होता. तिला वाटलं, माणूस आता ओशाळेल, माफी मागेल.

सायमनने आपला कप उचलला, सवयीने नाकाखाली धरला, डोळे मिटून क्षणभर हुंगला आणि शांतपणे घोट घेतला. दुसऱ्या घोटाला जिभेवर दुधाची गाठ आली असावी, कारण त्याने एकदम कपात पाहिलं, मग ऊनाकडे पाहिलं.

"दूध जरा..." तो म्हणाला.

"हो," ऊना म्हणाली. "जरा."

ती उठली. बाहेर पडताना तिच्या पाठीला त्याची नजर जाणवत राहिली.

६

ती थेट हेक्टरकडे परत गेली.

"सायमनच्या नाकाला काय झालंय?"

हेक्टरने दार बंद केलं. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर कुणाला बोललो नव्हतो. हिवाळ्यात तो तापाने आजारी पडला होता. तेव्हापासून त्याला कशाचाही वास येत नाही. वर्णनं सगळी जुनी, पाठ केलेली. मला शंका आली म्हणून मी एकदा पेले बदलले. धुराचा लवलेश नाही अशी व्हिस्की दिली, तर हा पाहुण्यांना धुराच्या गोष्टी सांगत बसला. मग मी बाजूला घेऊन विचारलं. रडला हो. पाया पडायचा बाकी होता."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, ही मोठी चाखणी होऊ दे, मग सगळ्यांना खरं सांगावं लागेल. माणसं माझ्या नावावर विश्वास ठेवून येतात. बिननाकाच्या माणसाचं बोलणं मी त्यांना किती दिवस ऐकवू?" तो खुर्चीत बसला. "त्याचं नाक कापायची माझी इच्छा नव्हती. पण ते जगजाहीर होणारच होतं."

लॉरिमरने सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. बोट धक्क्याला लागत होती.

"तर्क चांगला आहे, सार्जंट. विष लावणाऱ्याला चूळ माहीत नव्हती. रनाल्डला माहीत, मालकिणीला माहीत, सायमनला नाही. पण एखादी गोष्ट माहीत नसणं हा गुन्हा होत नाही. कोर्टात मी काय सांगू? याला दुधाचा वास आला नाही?"

"मला एक तास द्या," ऊना म्हणाली. "रनाल्डला बोटीवर चढवायच्या आधी फक्त एक तास."

गोदामात खुर्च्या अजून शनिवारसारख्याच मांडलेल्या होत्या. जमीन मातीची, भिंतींना काळी बुरशी, आणि सगळीकडे तो गोडसर, ओलसर वास, जो बेटावरच्या माणसाला आपल्या घरासारखा वाटतो. हेक्टर त्याच्या जागी बसला, कट्रिओना दाराशी उभी राहिली. लॉरिमर पाहुण्याच्या खुर्चीत बसला. पिंपावर मखमली पेटी होती.

"शनिवारी जसं घडलं तसं मला पाहायचंय," ऊना सायमनला म्हणाली. "रनाल्ड नाही, म्हणून नळी तुम्ही घाला. दुसरं काही बदलायचं नाही. पेटी तेव्हापासून इथेच कुलपात आहे."

तिने हे खरं सांगितलं होतं. पेटी तीच होती. आतली नळी मात्र शेजारच्या भट्टीतून मागून आणलेली, तशीच दिसणारी, दुसरी होती.

सायमनने पेटी उघडली. नळी दोन बोटांनी, टोकाला धरून उचलली. पिंपाचं बूच काढलेलंच होतं. त्याने नळी आत सोडली, वरच्या तोंडावर अंगठा दाबला, भरलेली नळी बाहेर काढली. हेक्टरने पेला पुढे केला.

सायमन पेल्याकडे वळला नाही. तो पिंपाला वळसा घालून भिंतीशी गेला, अंगठा उचलला आणि सगळी व्हिस्की मातीत सोडून दिली. मग परत आला, पुन्हा नळी आत घातली आणि हेक्टरचा पेला भरला.

लॉरिमर खुर्चीत पुढे सरकला.

"सायमन," ऊना हळूच म्हणाली, "आज तुम्ही नळीला चूळ का दिलीत?"

"काय?"

"सकाळी म्हणालात, नळी सरळ पेल्यात, तोच सोहळा. तीन उन्हाळ्यांत तुम्ही पहिली नळी कधी ओतलेली पाहिली नाही. तुम्हाला कुणी शिकवलं नाही. मग आज काय वाटलं?"

"धूळ... पेटी इतके दिवस बंद होती."

"मखमलीत धूळ?"

"सवय म्हणून, मी..."

ऊनाने हेक्टरच्या हातातला भरलेला पेला घेतला आणि सायमनच्या हातात दिला. "बरं. ती ओतून टाकलीत. ही तर स्वच्छ आहे. प्या."

सायमनने पेला नाकाखाली धरला. सवयीने नाही, जिवाच्या आकांताने. त्याने हुंगलं, परत हुंगलं, डोळे गच्च मिटून छाती भरून हुंगलं. पेला कलला आणि व्हिस्की मनगटावरून बाहीत उतरली.

"कळत नाही," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "यात अजून ते आहे की नाही, मला कळत नाही हो. मला काहीच कळत नाही."

लॉरिमर खुर्चीतून उठला.

"तो म्हातारा कुठून आला मधे?" सायमन कुणाकडेच न बघता विचारत राहिला. "मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. हेक्टर प्यायला, हसला, चालत घरी गेला, आणि तो मेला. मला वाटलं मी वेडा झालो. तो कुठून आला मधे?"

कट्रिओना दारातून हेक्टरपर्यंत आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

७

बोटीतून रनाल्डऐवजी सायमन गेला. नळीवर बचनाग सापडल्याचा निरोप पुढच्या आठवड्यात आला, पण तोवर त्याने सगळं लिहून दिलं होतं.

ऊनाने रनाल्डला गाडीतून घरी सोडलं. तो उतरेना.

"तू सांग तिला," तो म्हणाला. "तुला जमेल."

"मला जमेल. पण मी सांगणार नाही."

"साहेब काय म्हणाले? डबीबद्दल?"

"काही नाही. नोकरी आहे तुझी."

"मला ती नळी परत हातात धरवणार नाही, ऊना."

मोराग स्वयंपाकघरात उभी होती. तिला एवढंच कळलं होतं की नवरा सुटला. ती पुढे आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली. ऊना दारातच थांबली.

"मोराग," रनाल्ड म्हणाला, "बस जरा."

त्याने उभ्यानेच सांगितलं. नळी, चूळ, डबी. काही लपवलं नाही. मोरागचे हात हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून खाली आले.

"किती दिवस आणत होतास?"

"ते पडले तेव्हापासून. पिंप फोडलं की."

"मला कधी बोलला नाहीस."

"त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, पोरीला कळलं तर औषधांच्या नावाने ओरडेल."

मोरागने खिडकीजवळच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. गादी उचलून टाकली होती, नुसत्या फळ्या होत्या.

"प्यायल्यावर काय म्हणाले?"

"म्हणाले, आजची जरा चावतेय. म्हणाले, माझ्या हातची आहे, चावणारच."

"आणि तू?"

"मी हसलो."

"हसलास?"

"दोघंही हसलो, मोराग. मग मी कोकरांना बघायला टेकडीवर गेलो."

मोराग वळली. मग तिने चुलीवर पाणी ठेवलं, कपाटातून ताटल्या काढल्या, बटाटे सोलायला घेतले. एक सोलला, दुसरा सोलला. रनाल्ड तिला हात लावायला पुढे झाला तेव्हा ती न वळता म्हणाली, "आज नको. आज माझ्याजवळ येऊ नकोस. जेवायला वाढते मी तुला, पण जवळ येऊ नकोस."

तो टेबलाशी बसला. ऊना दार ओढून निघाली.

म्हाताऱ्याला सोमवारी, पावसाची भुरभुर चालू असताना पुरलं. सगळं बेट लोटलं होतं. मोराग आणि रनाल्ड शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होते.

डंकन ब्युई, कोरारीच्या भट्टीचा जुना जाळवाला, सन दोन हजार तीनच्या मे महिन्यात, चोवीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी मेला. तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता.